फक्त क्रोममध्ये उघडणारं दुकान

वाशिम जिल्हा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं सोयाबीन, आणि त्याच्या जोडीला तूर. गेल्या काही वर्षांत रब्बीत एका नव्या पिकाची भर पडली आहे, ते म्हणजे चिया. हे बी विकायला इथल्या शेतकऱ्यांना आधी मध्य प्रदेशातल्या नीमचपर्यंत जावं लागे. पुढे वाशिमच्या बाजार समितीतच त्याची खरेदी होऊ लागली. पुण्या-मुंबईत हेच बी छोट्या देखण्या पाकिटांत विकलं जातं आणि पाकिटावरचा भाव नि मोंढ्यातला भाव यांत बरंच अंतर असतं. ते अंतर आपल्या खिशात यावं असं जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला वाटलं, तर तिची पहिली उडी वेबसाइटवरच पडणार. चिया, तूरडाळ, वऱ्हाडी ठेचा. तीन माल, एक ऑनलाइन दुकान.

धरून चालू, अशी कंपनी निघाली. तिने ओळखीतल्या एका पोराला वेबसाइटचं काम दिलं. पोरगा हुशार. महिन्याभरात त्याने आपल्या नव्या लॅपटॉपवर, क्रोम ब्राउझरमध्ये, सगळ्या संचालकांना दुकान दाखवलं. फोटो सरकतात, पाकीट गोल फिरतं, 'खरेदी करा' दाबलं की बटण हिरवं होतं. संचालक खूश झाले, चेक फाटला. कंपनी कल्पनेतली आहे, पण यापुढे तिचं जे होतं ते खऱ्याखुऱ्या व्यापाऱ्यांचं रोज होतं. जाहिरात पाहून लोक येतात, थोडं घुटमळतात आणि काही न घेता निघून जातात. ते का गेले हे मालकाला कधीच कळत नाही, कारण अडलेला ग्राहक फोन करून तक्रार करत बसत नाही. तो दुसऱ्या दुकानात जातो.

हे दुकान ज्या लॅपटॉपवर घडलं, त्या लॅपटॉपवर ते कुणीच उघडणार नसतं. मंगरुळपीरच्या ग्राहकाकडे सात-आठ वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड फोन आहे. मानोऱ्याच्या ऑनलाइन सेंटरवरचा संगणक अजून विंडोज ७वर चालतो. वाशिमची लेक पुण्यात नोकरीला आहे, तिच्या हातात आयफोन. कुणी फेसबुकवरच्या जाहिरातीवर टिचकी मारून आला, म्हणजे तो फेसबुकच्या पोटातल्या ब्राउझरात आहे. आणि एकाला डोळ्यांनी दिसत नाही. त्याचा फोन त्याला पान वाचून दाखवतो.

यातल्या प्रत्येकाची अडचण वेगळी. विंडोज ७वर क्रोमची १०९ क्रमांकाची आवृत्ती शेवटची. जानेवारी २०२३नंतर त्या संगणकावर क्रोमने पुढचं पाऊल टाकलेलं नाही. अँड्रॉइडचंही तसंच. २०२५मध्ये आलेल्या क्रोम १३९ला निदान अँड्रॉइड १० लागतं, त्याहून जुने फोन १३८वर किंवा त्याआधीच थांबले. फोन बिघडलेला नाही, बॅटरी टिकते, फोनपे चालतं, मग बदलायचा कशाला, असं फोनवाल्याचं म्हणणं. त्याचं बरोबरच आहे.

तरुण वेबसाइटवाल्यांच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पान तीन गोष्टींचं बनतं. मजकुराचा सांगाडा एचटीएमएलमध्ये, रंगरूप सीएसएसमध्ये आणि हालचाल जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. यातल्या पहिल्या दोघी समंजस आहेत. ब्राउझरला न कळणारी ओळ आली तर तो ती सोडून देतो आणि पुढचं दाखवतो. जावास्क्रिप्टचा स्वभाव उलटा. फाइलमध्ये एक जरी अनोळखी चिन्ह आलं, तरी ती अख्खी फाइल चालत नाही. प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून लिहायची एक सोयीची पद्धत क्रोममध्ये २०२०च्या फेब्रुवारीत, ८०व्या आवृत्तीपासून चालू लागली. ती वापरलेली फाइल त्याआधीच्या क्रोममध्ये गेली की ठप्प. दुकानाच्या मालाची यादीच जर त्या फाइलमधून येत असेल, तर ग्राहकाला दिसतं कोरं पांढरं पान. त्याला वाटतं नेट गेलं. दोनदा ताजं करून बघतो नि सोडून देतो.

उपाय फारसा अवघड नाही. मालाचं नाव, भाव आणि मागणीचा अर्ज साध्या एचटीएमएलमध्ये पानासोबतच यायला हवा. पाकीट गोल फिरवायचं असेल तर ते जावास्क्रिप्टने खुशाल फिरवावं. ते फिरलं नाही तरी डाळ विकली जाते. वेबतज्ज्ञ स्टीव्हन शँपियन याने २००३मध्ये या पद्धतीला 'प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट' असं भारदस्त नाव दिलं. आपल्या भाषेत, आधी भाकरी, मग पापड-लोणचं.

आयफोनची तऱ्हा आणखी निराळी. बाजारात ब्राउझर डझनभर दिसतात, पण त्यांना चालवणारी इंजिनं मुख्यत्वे तीनच. क्रोम, एज, सॅमसंग इंटरनेट, ऑपेरा यांच्या आत गुगलच्या पुढाकाराने बनलेलं ब्लिंक, फायरफॉक्सच्या आत गेको आणि ॲपलच्या सफारीत वेबकिट. आयफोनवर तुम्ही क्रोम घेतलं तरी आपल्याकडे त्याच्या आत वेबकिटच असतं, कारण ॲपलचा नियमच तसा आहे. मग लॅपटॉपच्या क्रोमवर दिसलेलं पान आयफोनच्या क्रोमवर तसंच दिसेल, याची हमी कोण देणार? एक खोड तर प्रसिद्ध आहे. 'पानाची उंची पडद्याएवढी ठेव' असं सांगितलं की सफारी आपली पत्त्याची पट्टी हिशेबात धरत नाही, आणि तळाशी ठेवलेलं 'खरेदी करा' बटण त्या पट्टीमागे जातं. यावर नवं माप २०२२मध्ये सफारीत आलं, पण वापरणाऱ्याला ते ठाऊक असलं तर उपयोग. आयफोन ६सारखे जुने फोन आयओएस १२वर अडकले. त्यांना वेबपी प्रकारातले फोटो दिसतच नाहीत, कारण सफारीने तो प्रकार स्वीकारला २०२०मध्ये, आयओएस १४सोबत. पाकिटाचे सगळे फोटो वेबपीमध्ये असतील तर तिथे रिकाम्या चौकटी दिसतात. जोडीला जेपीजी ठेवायची तरतूद एचटीएमएलमध्येच आहे, चार ओळींचं काम.

कधी तर पान उघडायच्या आधीच दार बंद होतं. ३० सप्टेंबर २०२१ला जगभर असं झालं. वेबसाइटना मोफत सुरक्षा प्रमाणपत्र देणारी 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली. अनेक जुन्या यंत्रांवर धडधाकट वेबसाइटसमोर 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी लागली. अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या फोनांसाठी संस्थेने खास सोय करून ठेवली होती, म्हणून ते तेव्हा तरले. ती सोयही २०२४मध्ये संपली.

ब्राउझरांची ही भांडणं आजची नाहीत. १९९५मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणलं आणि नेटस्केप या दुसऱ्या ब्राउझरवाल्या कंपनीशी तिची जुंपली. दोघांनी आपापल्या ब्राउझरात अशा करामती घातल्या की एकासाठी लिहिलेलं पान दुसऱ्यात मोडावं. 'हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ८०० बाय ६००वर उत्तम दिसेल' अशा पाट्या त्या काळात वेबसाइटच्या तळाशी सर्रास असत, मराठीतही. २००१च्या ऑगस्टमध्ये एक्सप्लोरर ६ आलं, त्याने जवळजवळ सगळं मैदान मारलं, आणि मग मायक्रोसॉफ्टने पाच वर्षं पुढची आवृत्तीच काढली नाही. याच काळातला एक किस्सा ब्राउझरवाले अजून चघळतात. मायक्रोसॉफ्टचं एमएसएन हे संकेतस्थळ नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरला ओळखून मुद्दाम मोडकं रूप पाठवत होतं. ऑपेराने २००३च्या फेब्रुवारीत आपल्या ब्राउझरची एक खास आवृत्ती काढली. तिच्यात बाकी सगळं जग ठीक दिसे, फक्त एमएसएन उघडलं की तिथला मजकूर 'मपेट शो'मधल्या स्वीडिश आचाऱ्याच्या बोबड्या भाषेत उमटे. ग्राहकाचा ब्राउझर ओळखून त्याला वेगळी वागणूक देणाऱ्यांना एवढं चोख उत्तर क्वचित मिळालं असेल.

मराठीने या भांडणात जास्तच सोसलं. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१मध्येच जागा मिळाली होती, पण संगणकांत ती रुजायला वेळ लागला. तोवर मराठी वृत्तपत्रं आणि वेबसाइट आपापले फॉन्ट वापरत. कुणाचा शिवाजी, कुणाचा किरण, कुणाचा श्रीलिपीतला, कुणाचा सी-डॅकचा. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट वाचकाच्या संगणकात नसला तर पानावर इंग्रजी अक्षरं नि चिन्हं यांचा नुसता खच पडे. त्यावर 'डायनॅमिक फॉन्ट'चा तोडगा निघाला, पानासोबत फॉन्टही आपोआप उतरवायचा. मात्र एक्सप्लोररचा फॉन्ट एका प्रकारचा आणि नेटस्केपचा दुसऱ्या प्रकारचा. नेटस्केप मागे पडल्यावर बऱ्याच जणांनी फक्त एक्सप्लोररचा प्रकार ठेवला. २००४च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स आलं, त्याने तो प्रकार कधीच मानला नाही, पुढे क्रोमनेही नाही. मराठी बातमी वाचायला फायरफॉक्सवाल्यांना 'पद्मा' नावाची जोडणी बसवावी लागे. ती अशा फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये फिरवून दाखवी.

इथे एक बाब नीट पाहण्यासारखी आहे. त्या पानांवर फायरफॉक्स अडत होतं, शोधयंत्रं अडत होती, आणि पडदा वाचून दाखवणारी दृष्टिहीनांची सॉफ्टवेअरंही अडत होती. तिघांचं कारण एकच. डोळ्यांना 'वाशिम' दिसत होतं, पण यंत्राच्या लेखी तिथे निरर्थक इंग्रजी अक्षरं होती. मजकूर जसा आहे तसा, मान्य पद्धतीने लिहिला असता तर तिघांचीही सोय एका फटक्यात झाली असती. युनिकोड रुळल्यावर झालीच.

युनिकोडने सगळं मिटलं असं मात्र नाही. आपल्या कल्पनेतल्या दुकानाच्या शोधचौकटीत कुणी 'वऱ्हाडी ठेचा' टाइप केलं, समोर उत्तर आलं 'काही सापडलं नाही'. ठेचा तर यादीत आहे! घोटाळा त्या 'ऱ्हा'मध्ये असतो. हा अर्धा र युनिकोडमध्ये निदान दोन पद्धतींनी लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि पुढचं अक्षर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. वेबसाइटवाल्याच्या कीबोर्डने एक पद्धत लिहिली, ग्राहकाच्या फोनच्या कीबोर्डने दुसरी, आणि यंत्र दोन्हींना वेगवेगळे शब्द समजलं. शोधायच्या आधी दोन्ही रूपं एका साच्यात आणली की प्रश्न सुटतो. पण ते करायला हवं हे इंग्रजीत शिकलेल्या प्रोग्रॅमरला कुणी सांगायचं? वऱ्हाडात धंदा करणाऱ्याने तरी सांगायला हवं.

अशाच आणखी काही खास मराठी अडचणी. इंग्रजी शीर्षकात अक्षरं सुटी सुटी ठेवायची टूम आहे. तीच आज्ञा मराठीला लावली की शिरोरेषा तुटते आणि 'तूरडाळ'चे तुकडे पडतात. ओळींमधली जागा इंग्रजीच्या हिशेबाने ठेवली तर वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटले जातात. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे अशी खूण करायची असते, ती बहुतेक जण करत नाहीत. त्या पाच-सात अक्षरांवर बरंच अवलंबून आहे. ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ब्राउझर ती खूण पाहून ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं निवडतो, आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज लावतं. खूण इंग्रजीची राहिली तर तोच मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो. आणि आकडे! पिन कोडच्या रकान्यात कुणी हौसेने ४४४५०५ असं देवनागरीत लिहिलं की एखादा ब्राउझर ते उमटूच देत नाही, एखादा उमटू देतो आणि वर 'चुकीचा पिन कोड' म्हणून दटावतो. देवनागरी आकडे मागच्या बाजूने रोमनमध्ये बदलून घेणं हे एका ओळीचं काम आहे. मराठीतून डाळ विकणाऱ्याने मराठी आकड्याला चूक ठरवावं, हे काही शोभत नाही.

आता त्या दृष्टिहीन ग्राहकाकडे येऊ. त्याच्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक चालू असतं. बोट उजवीकडे फिरवलं की पुढची वस्तू वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. संगणकावर हेच काम जॉज किंवा एनव्हीडीए करतं. एनव्हीडीए हे २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने सुरू केलेलं मोफत सॉफ्टवेअर. आपल्या दुकानाचं पहिलं पान अशा फोनवर कसं ऐकू येतं? 'लिंक. इमेज. लिंक. आयएमजी अंडरस्कोर वीस चोवीस अकरा... बटण, लेबल नाही. बटण, लेबल नाही.' पहिलं लेबल नसलेलं बटण टोपलीचं, दुसरं यादीचं. मालाचे भाव त्याला ऐकूच येत नाहीत, कारण दरपत्रक व्हॉट्सॲपवर फिरवायला बनवलेला फोटो होता आणि तोच वेबसाइटवरही चिकटवला. 'खरेदी करा' हे बटण खरं बटणच नाही. डिझायनरने एका साध्या चौकटीला हिरवा रंग देऊन ते बटणासारखं रंगवलंय. डोळसाच्या बोटाला ते चालतं. टॉकबॅकला ते बटण आहे हे कळत नाही आणि कीबोर्डवरच्या टॅब कळेला ते लागत नाही. एचटीएमएलमध्ये बटणासाठी वेगळा शब्द फार पूर्वीपासून आहे. तो वापरला असता तर कीबोर्ड, टॉकबॅक, जुना ब्राउझर, नवा ब्राउझर, सगळ्यांनी ते आपणहून ओळखलं असतं. ब्राउझरांचा प्रश्न आणि दिव्यांगांचा प्रश्न हे दोन वेगळे खर्च आहेत, असं वेबसाइट बनवणाऱ्या अनेक कंपन्या भासवतात. बहुतांशी ते एकच काम असतं, आणि ते काम म्हणजे एचटीएमएल नीट लिहिणं.

हे ग्राहक थोडे नाहीत. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे १२ लाख होती. देशाचं प्रमाण लावलं तर एकट्या या जिल्ह्यात ती संख्या २६ हजारांच्या घरात जाते. मोतीबिंदूची सुरुवात झालेले आजोबा, थरथरत्या हाताची आजी आणि भर उन्हात मोंढ्यात उभं राहून पुसट करडी अक्षरं वाचू पाहणारा शेतकरी त्यात धरलेलेच नाहीत.

जागतिक पातळीवर यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत. पहिले १९९९मध्ये आले, सध्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ची. अक्षर आणि मागचा रंग यांत निदान साडेचारास एक एवढा उठाव हवा, फोटोला शब्दांत वर्णन हवं, रकान्याला नाव हवं, सगळं काम नुसत्या कीबोर्डने व्हायला हवं, असं त्यांत लिहिलेलं आहे. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या. सर्वांत मोठा दोष होता फिक्या अक्षरांचा, ७९ टक्के पानांवर. म्हणजे बहुतेक वेबसाइटचं पहिलं दुखणं रंगाच्या एका आकड्याने बरं होणारं आहे.

आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी २००९पासून मार्गदर्शक सूचना आहेत. वाशिम जिल्हा प्रशासनाचं संकेतस्थळ एनआयसी या सरकारी संस्थेच्या ज्या सामाईक चौकटीवर उभं आहे, तिच्या नावातच 'सुगम्य', म्हणजे सगळ्यांना वापरता येईल असं, हा शब्द आहे. अक्षरं मोठी करणं, रंगांचा उठाव वाढवणं, थेट मुख्य मजकुरावर जाणं या सोयी तिच्यात तयार मिळतात. खासगी दुकानदाराला मात्र हे आपल्याला लागूच नाही असं वाटतं. ते खरं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचं ४६वं कलम सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी, दोघांनाही बांधतं. नियम मोडला तर ८९व्या कलमाखाली पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुढे ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

या कलमाला धार आणणाऱ्यांत विदर्भाचा एक माणूस आहे. राहुल बजाज हे नागपूरचे दृष्टिहीन वकील, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन आलेले. डॉक्टरची वेळ ठरवून देणारं प्रॅक्टोचं ॲप पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर नीट चालत नाही, म्हणून त्यांनी दिव्यांगांच्या मुख्य आयुक्तांकडे दाद मागितली. २०२२मध्ये निर्णय त्यांच्या बाजूने लागला. कंपनी खासगी असली तरी तिला सुगम्यतेचे नियम पाळावेच लागतील, असं आयुक्तांनी बजावलं. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुडी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते सल्लावजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं सांगितलं. ३० एप्रिल २०२५च्या निकालाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेत खातं उघडताना पापण्या मिटून दाखवायला सांगितलं गेलं होतं, जे त्यांना शक्यच नव्हतं. त्यांची आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिका एकत्र ऐकून न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि २० निर्देश दिले.

परदेशात हे याआधीच घडून गेलंय. वेबसाइटवरून पिझ्झा मागवता येईना म्हणून एका दृष्टिहीन ग्राहकाने अमेरिकेत डॉमिनोजवर खटला भरला. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, पण ऑक्टोबर २०१९मध्ये न्यायालयाने तिचं अपील ऐकायलाच नकार दिला. युरोपात २८ जून २०२५पासून ऑनलाइन दुकानांना सुगम्यतेचा कायदा लागू झाला. तिथे माल विकू पाहणाऱ्या भारतीय निर्यातदारानेही तो वाचून ठेवलेला बरा.

कायदा आला की पाठोपाठ त्यावरचा झटपट इलाज विकणारेही येतात. 'एक ओळ टाका, वेबसाइट सुगम्य' असं सांगून कोपऱ्यात माणसाचं चित्र असलेलं गोल बटण बसवून देतात. असाच माल विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. नाव नसलेल्या बटणाला बाहेरून भरवशाचं नाव देता येत नाही. ते आतच लिहावं लागतं.

शेवटी पैसे घेण्याची जागा. सगळे अडथळे ओलांडून ग्राहक तिथवर आला आणि समोर उभा राहिला यूपीआयचा क्यूआर कोड. तो फोनवरच वेबसाइट बघतोय. त्याच फोनच्या पडद्यावरचा कोड तो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने टिपणार कसा? घरात दुसरा फोन नसेल तर बऱ्याचदा सौदा तिथेच तुटतो. यूपीआय ॲप थेट उघडणारा दुवा दिला तरी फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोटातल्या ब्राउझरात तो बऱ्याचदा दबूनच राहतो. म्हणून कोड, दुवा आणि अक्षरांत लिहिलेला यूपीआय पत्ता असं तिन्ही द्यावं, पत्ता नक्कल करता येईल असा द्यावा, आणि 'घरपोच आल्यावर पैसे' हा पर्याय लाजून लपवू नये. रिसोडच्या ग्राहकाला तोच हवा असतो.

चाचणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईत बॅरियरब्रेकसारख्या कंपन्या दृष्टिहीन परीक्षकांकडून हेच काम पैसे घेऊन करून देतात, आणि मोठ्या दुकानांनी ते करून घ्यावंच. लाइटहाउस, वेव्ह, ॲक्स ही मोफत साधनं ढोबळ चुका पकडतात, पण सगळ्या नाही. फोटोला वर्णन आहे का हे यंत्र सांगेल. 'फोटो १' हे वर्णन कुचकामी आहे, हे माणसालाच कळणार. पाकिटाच्या फोटोखाली 'चिया, २५० ग्रॅम, हिरव्या झिप पाकिटात' असं लिहायला पाच सेकंद लागतात.

वाशिम, कारंजा, मालेगावात कुणी वेबसाइटचं काम देणार असेल, तर त्याने करारातच लिहून घ्यावं की दुकान क्रोम, फायरफॉक्स आणि आयफोनची सफारी या तिन्हींत चाललं पाहिजे, क्रोम १०९वर माल आणि भाव दिसले पाहिजेत, आणि डब्ल्यूसीएजीची मधली, म्हणजे 'एए' पातळी गाठली पाहिजे. मग शेवटचा हप्ता देण्याआधी एक दुपार काढावी. संगणकाचा माउस काढून ठेवून नुसत्या टॅब आणि एंटर कळेने एक मागणी नोंदवून बघावी. अक्षरं दुप्पट मोठी करून बघावी. घरातला सर्वांत जुना फोन शोधून त्यावर दुकान उघडावं. आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद दाबून धरली की बहुतेक अँड्रॉइड फोनांवर टॉकबॅक चालू होतं. ते चालू करून, पडद्याकडे न पाहता, अर्धा किलो चिया विकत घेऊन बघावा. जमलं तर चेक द्यावा. नाही जमलं तर पोराला परत बोलवावं, बटणाला बटण लिहायला सांगावं आणि चेक तोवर खिशात ठेवावा.